शोकाचा आस्वाद

करुण आणि बीभत्स हे दोन रस एका कलाकृतीत क्वचितच सुखाने नांदतात. जुगुप्सेने दृष्टी मागे फिरते, शोकाने ती खिळून राहते. क्रिस जॉर्डन या अमेरिकन छायाचित्रकाराने २००९ साली पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटांवर घेतलेल्या छायाचित्रांत मात्र हे दोन्ही भाव एकाच चौकटीत उभे आहेत. म्हणूनच केवळ वृत्तचित्रे म्हणून त्यांची बोळवण करता येत नाही.

विषय एकच : मेलेली पिल्ले. मिडवे ही लेसन जातीच्या अल्बाट्रॉस पक्ष्यांची जगातील सर्वांत मोठी वसाहत. कोणतेही खंड तेथून हजारो मैल दूर. चित्रांत पिलांचे मांस झडून गेले आहे, पिसे व हाडे उरली आहेत, आणि जेथे पोट होते तेथे बाटल्यांची झाकणे, सिगारेटचे लायटर, प्लास्टिकचे रंगीत तुकडे पडले आहेत. हे पक्षी समुद्राच्या पृष्ठभागावरून भक्ष्य टिपतात. तरंगत्या वस्तूंना चिकटलेली उडत्या माशांची अंडीही खातात. पूर्वी अशी वस्तू म्हणजे लाकडाचा तुकडा असे, आता ती बहुधा प्लास्टिकची असते. मातापिता दूरवरून जे आणतात तेच स्वतःच्या पोटातून पिलाच्या चोचीत ओततात. मृत्यू येथे वात्सल्याच्या हातून येतो. एकही तुकडा आपण हलविलेला नाही, असे जॉर्डनने सांगितले आहे, आणि त्याचा हा संयम चित्रांना फळला आहे.

एक आक्षेप मात्र नोंदविला पाहिजे. पोटातील प्लास्टिक दिसले म्हणजे मृत्यूचे कारण सिद्ध झाले, असे नाही. मिडवेवरील जुन्या लष्करी इमारतींच्या रंगातील शिशानेही असंख्य पिल्ले दगावली आहेत. छायाचित्राला हा भेद सांगता येत नाही.

पुढे जॉर्डनने याच विषयावर ‘अल्बाट्रॉस’ हा अनुबोधपट केला आणि ८ जून २०१८ रोजी तो सर्वांना विनामूल्य खुला केला. पक्ष्यांचे प्रणयनृत्य त्यात ज्या धीमेपणाने टिपले आहे, ते पाहताना कोणीही रसिक हरखून जाईल. परंतु चित्रांनी जे मौन राखले होते, ते येथे निवेदनाने आणि संगीताने भंगते. कोठे हळहळावे, हे प्रेक्षकाला पदोपदी सुचविले जाते.

शोकाचा आस्वाद सुखद कसा, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वी विचारला आहे. नाट्यातील शोक लौकिक नसतो, तो साधारणीकृत होतो, असे त्याचे उत्तर. ते यथार्थ आहे, कारण रामाच्या वनवासात प्रेक्षकाचा हात नसतो. येथे तो आहे. निर्माल्याबरोबर प्लास्टिकची पिशवीही प्रवाहात सोडणाऱ्या आपल्यासारख्यांनी या पटाला डोळे पुसून दाद द्यावी, यात काहीतरी औचित्यभंग आहे. पिलाचे मरण आपल्या आस्वादाची सामग्री होते. शोकातूनच प्रेम जागे होईल, अशी जॉर्डनची श्रद्धा आहे. ती प्रामाणिक आहे. तथापि शोक भोगून तृप्त होणारा प्रेक्षक तिच्या हिशेबात नाही.

छायाचित्रे अशी तृप्ती लाभू देत नाहीत. त्यांत पक्षी विरून मातीस मिळत चालला आहे, आणि झाकण जसेच्या तसे आहे. कोणाच्याही घरात सापडेल असे.