अन्नपूर्णेवरील दोन साक्षी

अन्नपूर्णा हे नाव आपल्या वाचकांस परके नाही. सासरी निघालेल्या मुलीबरोबर माहेरची माणसे जी लहानशी पितळी मूर्ती देतात ती अन्नपूर्णेची. हाती पळी घेतलेली ही देवी देवघरात तांदळांवर बसते, आणि घरात अन्न कमी पडू नये एवढेच तिच्यापाशी मागितले जाते. याच देवीचे नाव धारण करणारे एक शिखर नेपाळात आहे. त्याची उंची ८०९१ मीटर, म्हणजे साडेसव्वीस हजार फुटांहून थोडी अधिक. ३ जून १९५० रोजी मॉरिस हर्झोग आणि लुई लाशनाल हे दोघे फ्रेंच गिर्यारोहक प्राणवायूच्या नळ्यांवाचून त्याच्या माथ्यावर पोहोचले. आठ हजार मीटरांहून उंच अशी जी चौदा शिखरे पृथ्वीवर आहेत, त्यांपैकी मनुष्याने सर केलेले हे पहिले. पळीने वाढणाऱ्या या देवीने त्या दोघांकडून घेतले ते मात्र असे: हर्झोगच्या पायांची सर्व व हातांची जवळजवळ सर्व बोटे, आणि लाशनालच्या पायांची सर्व.

या चढाईची हकीकत हर्झोगने रुग्णालयातील खाटेवरून तोंडी सांगितली. लेखणी धरण्यास बोटे उरली नव्हती. ते पुस्तक १९५१ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले, पुढच्या वर्षी इंग्रजीत आले, आणि आजवर त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या असे सांगितले जाते. गिर्यारोहणावरचे इतके वाचले गेलेले दुसरे पुस्तक बहुधा नसेल. त्याच्या शेवटच्या वाक्याला तर म्हणीची योग्यता आली आहे. त्या पुस्तकाचा, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एका पुस्तकाचा विचार येथे आम्हांस कर्तव्य आहे.

हर्झोगच्या ग्रंथाचा पूर्वार्ध आम्हांस निर्दोष वाटतो. ज्या काळ्या गंडकीच्या पात्रातील शाळिग्राम आपण पिढ्यान् पिढ्या पूजीत आलो, त्याच नदीच्या काठी तुकुचे या गावी या मंडळींचा तळ पडला होता. हाती असलेले नकाशे चुकीचे निघाले. प्रथम धौलगिरी पाहिला, तो असाध्य ठरला. नंतर अन्नपूर्णा चढावयाची तर ती आहे कोठे, येथपासून शोधाला आरंभ झाला. मे महिन्याच्या मध्यापर्यंत हे शोधकार्यच चालले होते, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाळा येऊन ठेपणार होता. वाट चुकणे, मागे फिरणे, पुन्हा दुसऱ्या खिंडीतून डोकावणे, हे सारे लेखकाने इतक्या प्रांजळपणे सांगितले आहे की, वाचक स्वतः त्या दऱ्याखोऱ्यांतून ठेचाळत चालतो. या भागात माणसे आठनऊ आहेत आणि प्रत्येकाचा आवाज निराळा ऐकू येतो. उत्तरार्धात एकच आवाज उरतो. आमची तक्रार तेथून सुरू होते.

आम्ही ज्या व्यवसायात आहोत त्यात साक्ष ऐकणे हे नित्याचे काम. देवस्थानांच्या मानपानाचे दावे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल की, पालखीचा पहिला खांदा कोणाचा याविषयी एकच वृद्ध साक्षीदार बोलत असतो, तो बोलतोही सुरेख, आणि नेमका तोच त्या मानाचा एक दावेदार असतो. अशा साक्षीदारास कोणी लबाड म्हणत नाही. न्यायाधीश फक्त दुसरा कोणी तेथे होता काय, एवढे विचारतो. अन्नपूर्णेच्या माथ्यावर दुसरा एक मनुष्य होता.

त्या दुसऱ्याचे तोंड काही काळ बंद होते. मोहिमेतील सभासदांनी निघण्यापूर्वी नायकाची आज्ञा पाळण्याची शपथ घेतली होती, आणि पाच वर्षेपर्यंत आपण काही प्रसिद्ध करणार नाही असेही लिहून दिले होते. अशा कलमात मुळात अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. मोहिमांना पैसा लागतो, आणि वृत्तान्ताचे हक्क एका हाती असल्यावाचून तो उभा राहत नाही. परंतु परिणाम काय झाला तो पाहावा. ज्या पाच वर्षांत सगळ्या जगाचे मत बनले, त्या पाच वर्षांत पटावर एकच साक्ष होती. मुदत १९५५ साली संपली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, शामोनीजवळच्या हिमनदीवर बर्फावरून घसरत जात असता लाशनाल एका भेगेत पडून मृत्यू पावला. त्याचे पुस्तक तयार होत होते. ते १९५६ साली निघाले, पण संपादन कोणाचे? मॉरिस हर्झोगचे बंधू झेरार यांचे. साक्षीदार मृत, आणि त्याचा जबाब उतरवून घेणारा प्रतिपक्षाचा सख्खा भाऊ! कडवट भाग गाळला गेला यात नवल ते काय? मूळ मजकूर पूर्ण स्वरूपात छापला जाण्यास १९९६ साल उजाडावे लागले. त्याच सुमारास गास्तों रेबुफा या तिसऱ्या सहकाऱ्याच्या चरित्रातूनही बरीचशी नाराजी बाहेर आली, आणि डेव्हिड रॉबर्ट्स या अमेरिकन लेखकाने २००० साली या सर्व प्रकरणावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले.

आता दोन साक्षी समोरासमोर ठेवू. हर्झोगच्याच ग्रंथात असा प्रसंग आहे: शिखर अजून दूर असता, पाय बधिर होऊ लागलेला लाशनाल त्याला विचारतो की, मी मागे फिरलो तर तू काय करशील? हर्झोग सांगतो की, मी एकटा पुढे जाईन. तेव्हा लाशनाल म्हणतो, तर मग मीही तुझ्या मागोमाग येतो. हर्झोगच्या कथनात हा क्षण निश्चयाचा आहे. एकाचा निर्धार दुसऱ्यात उतरला आणि दोघे एक झाले, असा त्याचा सूर. लाशनालच्या टिपणांत हीच घटना आहे, परंतु तिचा अर्थ उलटा आहे. त्याला त्या शिखराची एवढी मातब्बरी नव्हती. आल्प्स पर्वतात तो ज्या अनेक शिखरांवर चढला होता त्यांसारखेच हे एक. राष्ट्राच्या कीर्तीसाठी पाय गमावणे आपले कर्तव्य आहे असे त्याला वाटत नव्हते. तो व्यवसायाने शामोनीचा वाटाड्या. पाय हीच त्याची इस्टेट. मात्र एकटा सोडला तर हर्झोग जिवंत परतणार नाही हे त्याला कळून चुकले होते, आणि दोरीला बांधलेल्या सोबत्याला सोडावयाचे नाही हा वाटाड्याचा धर्म. म्हणून तो गेला.

साक्षीपुराव्याच्या कायद्यात मृत माणसाचे जे विधान त्याच्या स्वतःच्या हिताविरुद्ध असते त्याला वजन आहे. ज्या पर्वतावर चढण्याने आपले नाव अजरामर झाले, त्यावर आपल्याला वस्तुतः चढावयाचे नव्हते असे लिहून ठेवण्यात लाशनालचा लाभ कोणता? आम्हांस तरी एकही दिसत नाही.

याच न्यायाने दुसरा एक आक्षेप निकालात निघतो. माथ्यावरील छायाचित्रात हर्झोगच्या बाजूने उतार आणखी वर गेलेला दिसतो. यावरून हे दोघे शिखरावर पोहोचलेच नसावेत असा संशय काहींनी घेतला आहे. हर्झोगचा मोठेपणा फोडावयाचा तर लाशनालला एकच वाक्य लिहावे लागले असते. ते त्याने लिहिले नाही. उलट आपण माथ्यावर होतो आणि लवकर खाली चल म्हणून हर्झोगच्या मागे लागलो होतो, असेच त्याने सांगितले आहे. मनात एवढा सल असलेला माणूस प्रतिपक्षाच्या बाजूने जे सांगतो ते आम्ही तरी ग्राह्य धरू.

हर्झोगच्या ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध पाने माथ्यालगतच्या अनुभवाची आहेत. शरीर आपले नाही, आपण जगापासून निराळे झालो आहोत, एका अपूर्व आनंदात तरंगत आहोत, असे तो सांगतो. एका ख्रिस्ती साध्वीच्या शिडीची त्याला आठवण होते. संतवाङ्मयावर वाढलेला आपला वाचक येथे सहजच हात जोडील. आम्ही हात जोडण्यापूर्वी चार ओळी पुढे वाचण्याची विनंती करतो. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक-तृतीयांश असतो, आणि मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने असा आनंद होतो हे वैद्यकाला ठाऊक आहे. पण तो मुद्दा आम्ही सोडून देतो. मुद्दा हातमोज्यांचा आहे. उतरताना हर्झोग पाठीवरची पिशवी उघडण्यास थांबतो, हातमोजे घरंगळत दरीत जातात, आणि तो त्यांच्याकडे पाहत राहतो. त्याच पिशवीत पायमोज्यांचा जादा जोड होता. तो हातांवर चढवावा हे त्याला सुचले नाही. हे त्याने स्वतःच, अगदी सरळपणे, लिहिले आहे, आणि या सरळपणासाठी त्याला दाद दिलीच पाहिजे. परंतु ज्या आनंदात आपल्या हातांचे भान उरत नाही आणि शेजारी उभा असलेला सोबती पायांसाठी तळमळतो आहे याचेही उरत नाही, त्याला आपल्या परंपरेत कोणते नाव देतील? आमच्या वाचनातले संत त्या अवस्थेतून परतल्यावर शेजारच्या माणसाकडे अधिक लक्ष देऊ लागतात. या पुस्तकात पुढे शंभरावर पाने आहेत. त्यांत हर्झोगच्या दुःखाचे वर्णन हृदय पिळवटणारे आहे, पण लाशनालचे दुःख बहुतेक आरडाओरड म्हणून येते. धीराने सोसणारा नायक आणि बेभान झालेला सहकारी अशी ती जोडी मांडलेली आहे. हे आम्हांस ग्रंथाचे सर्वांत मोठे वैगुण्य वाटते.

आणि ज्या रात्री खरे शौर्य घडले तिच्यात हे दोघे नायक नव्हतेच. लाशनाल उतरताना घसरून पडला, त्याची कुदळ व टोपी गेली. लिओनेल तेरे याने त्याला शोधून वर आणले. त्या रात्री शेवटच्या तळावर तेरेने लाशनालचे पाय आणि रेबुफाने हर्झोगचे हातपाय दोरीच्या टोकाने झोडपून त्यांत रक्त खेळते करण्याचा तासन् तास प्रयत्न केला. सकाळी लाशनालचे सुजलेले पाय त्याच्या बुटांत जाईनात. तेव्हा तेरेने आपले मोठ्या मापाचे बूट त्याला दिले आणि त्याचे लहान बूट कापून स्वतःच्या पायांत कसेबसे चढवले. त्या हिमात बूट देणे म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. तेरेही वाटाड्याच होता, त्याचीही इस्टेट तीच. पुढची रात्र बर्फाच्या भेगेत गेली. आदल्या दिवशीच्या वादळात चष्मे काढून वाट शोधल्यामुळे तेरे व रेबुफा दोघांची दृष्टी गेली. आंधळ्यांनी पांगळ्यांना धरले आणि शाट्झ येऊन भेटला तेव्हा सगळे वाचले. १९६१ साली तेरेचे आत्मचरित्र निघाले त्यात या गोष्टीचा डौल नाही. हर्झोगनेही बुटांची गोष्ट लपविलेली नाही, पण तिला तो एका परिच्छेदापेक्षा अधिक जागा देत नाही. झेंड्याला मात्र भरपूर दिली आहे.

अन्नपूर्णेच्या समोरच माछापुच्छ्रे हे शिखर आहे. १९५७ मध्ये विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स त्याच्या माथ्यापासून सुमारे दीडशे फुटांवर थांबले आणि फिरले, कारण शेवटचा भाग न तुडविण्याचे वचन दिले होते. दोन वर्षांपूर्वी कांचनगंगेवरही असेच घडले होते. नॉइसचे या चढाईवरचे पुस्तक त्या मानाने फार थोड्यांनी वाचले. देवळाच्या गाभाऱ्याचा उंबरठा जाणणाऱ्या वाचकाला ते अधिक जवळचे वाटेल असे आम्हांस वाटते. पण झेंडा नसलेल्या छायाचित्राला मुखपृष्ठावर कोण घेतो?

हर्झोग पुढे १९५८ पासून १९६६ पर्यंत फ्रान्सच्या सरकारात तरुणांच्या व क्रीडेच्या खात्याचा प्रमुख होता. तो २०१२ साली दीर्घायुष्य भोगून वारला. त्याच्या धैर्याविषयी किंवा लेखनशक्तीविषयी आमच्या मनात किंतु नाही. त्याचे पुस्तक वाचू नये असे तर मुळीच म्हणणे नाही. लाशनालच्या मूळ टिपणांसह वाचावे, आणि शक्यतो टिपणे आधी.

एक तिसरी साक्षही आहे. आङ थार्के हा शेर्पांचा सरदार शेवटच्या तळापर्यंत सामान घेऊन गेला होता. उद्या आमच्याबरोबर माथ्यावर चल, असे हर्झोगने त्याला सुचविले, आणि माझे पाय गारठू लागले आहेत असे सांगून त्याने आभारपूर्वक नकार दिला. हर्झोगला या नकाराचे आश्चर्य वाटले. आम्हांस तो त्या दिवसातला सर्वांत शहाणा जबाब वाटतो. त्याचे पाय शाबूत राहिले. दोन्ही जखमींना पाठीवर आणि डोलीत घालून, भर पावसात, जळवांच्या रानांतून आणि वाहून जाणाऱ्या वाटांवरून कित्येक आठवडे खाली आणले ते त्याच्या माणसांनी आणि नेपाळी हमालांनी. आङ थार्केला लिहिता येत नव्हते. त्याने सांगितलेल्या आठवणी दुसऱ्याने लिहून घेतल्या आणि १९५४ साली पॅरिसमध्ये छापल्या. तो १९८१ मध्ये गेला. त्या आठवणी इंग्रजीत आल्या त्या २०१६ साली.