तोडणीची यादी आणि मारुती कांबळे

जब्बार पटेल यांचा 'सामना' 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. तेंडुलकरांनी लिहिलेल्या या चित्रपटाकडे आपली समीक्षा साखरसम्राटाच्या सत्तेचा पंचनामा म्हणून पाहत आली. ते खरेच आहे. निळू फुले यांचा हिंदुराव आणि मारुती कांबळेचा माग न सोडणारा लागूंचा मास्तर विसरता येत नाहीत. परंतु कोल्हापूर जिल्ह्यातल्या उसाच्या गावात वाढलेल्या मला त्या पडद्यावर एक गोष्ट सापडत नाही. आज कोणाचा फड तुटणार, हे ठरवतो कोण?

हा प्रश्न किरकोळ नव्हे. कारखान्याच्या शेती खात्यात लागणीच्या तारखांची नोंद असते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा अशी वर्गवारी करून, पक्वता पाहून तोडणीचा कार्यक्रम आखतात. तोडलेला ऊस वाळतो, साखरेचा उतारा घटतो. गव्हाणीत ऊस कमी पडला तर गाळप थांबते. म्हणून टोळ्या, गाड्या आणि फड यांचा मेळ रोज घालावा लागतो. तो घालणारा चिटबॉय काही राक्षस नसतो, बहुधा हंगामी पगारावरचा पोरगा असतो. पण कागदावरचा क्रम आणि फडातला क्रम यांत जी फट राहते, तिथे गट, भाऊबंदकी आणि जात येऊन बसते.

1958 च्या कायद्याने महार वतने गेली. आमच्याकडे उरलेल्या वीस गुंठ्यांतल्या उसाला एका वर्षी तुरा आला, तरी चिठ्ठी आली नाही. वडील रोज गट ऑफिसच्या पायरीवर बसत. त्यांना कोणी शिवी दिली नाही. 'उद्या बघू', एवढेच. मारुती कांबळेचा खून होतो, म्हणून त्याच्याविषयी विचारता तरी येते. वडिलांच्या बाबतीत काय विचारायचे, आणि कोणाला?

यादीच्या दुसऱ्या टोकाला टोळी असते. बीडहून येणाऱ्या टोळीत नवराबायको मिळून एक कोयता. गाडी रात्री दोनला लागली तर मोळ्या रात्री दोनला वाहायच्या. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, मग तो पाळीच्या दिवसांचा का असेना. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालात बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी आहे. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. गाळपाचे वेळापत्रक कुठवर पोचते, हे आपल्या कादंबऱ्यांपेक्षा हा अहवाल अधिक सांगतो, असे मला कष्टाने म्हणावे लागते.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मला कथा दाखवली. नायक चिटबॉय, वस्तीतला पहिला पगारदार. संध्याकाळची वेळ, टोळी एकच आणि फड दोन, एक पुढाऱ्याचा, दुसरा सख्ख्या चुलत्याचा. तो नाव लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. कथा तेवढीच. मी मोठ्या तोऱ्यात विचारले, 'यात विद्रोह कुठे आहे?' पोराने वही मिटली. प्रस्थापित समीक्षेची खलनायक शोधण्याची सवय मी किती मुकाट्याने उचलली होती! विद्रोही शब्दांची तेवढी भर घातली होती.

ती कथा मी परत मागितली आहे. तो स्वतःच आता एका कारखान्याच्या शेती खात्यात लागला आहे. म्हणतो, 'सर, हंगाम संपल्यावर बघू.'