टक्का मोठा, म्हणून देश मोठा?

आता ओईसीडीचा तक्ता बघा. अपंगत्वावरचा सरकारी खर्च, जीडीपीच्या टक्क्यांत. डेन्मार्क, नॉर्वे वरच्या रांगेत, की आपण लगेच माना डोलावतो. पण या आकड्यात आजारपणाच्या रजेचा पगारही धरलेला असतो. नेदरलँड्समध्ये तर १९८० च्या दशकात नकोसे झालेले कितीतरी कामगार अपंगत्व-भत्त्यावर ढकलले गेले. खर्च फुगला, बेरोजगारी झाकली गेली.

म्हणून आम्ही म्हणतो, टक्क्याआधी नियम वाचा. आपला २०१६ चा कायदा ४० टक्के दिव्यांगत्वाला लाभांसाठी पात्र धरतो. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला मात्र ८० टक्के लागतात, वर दारिद्र्यरेषेची अट. आणि केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये. या दोन आकड्यांच्या मधली माणसं केंद्राच्या पेन्शनबाहेर राहतात. तुलना करायचीच, तर प्रत्येक देशात अशी किती माणसं बाहेर राहतात, त्याची करूया.