लॅटिन नेमकी का वाटते?

लॅटिन नेमकी आणि इंग्रजी ऐसपैस, असे आम्हां सेमिनरीत शिकलेल्या धर्मगुरूंच्या तोंडी नेहमी असते. विल्यम स्टर्न यांचा ‘बोटॅनिकल लॅटिन’ (१९६६) हा ग्रंथ या समजुतीला चांगलाच धक्का देतो. विद्यापीठाची पदवी नसलेल्या, एकेकाळी ग्रंथपाल असलेल्या या इंग्रज विद्वानाने वनस्पतिवर्णनाच्या लॅटिनचे व्याकरण आणि शब्दभांडार एकत्र आणले.

पानावरील लवेचेच पाहा. आखूड, मऊ लव असेल तर ‘प्युबेसन्स’. लांब, मऊ केस असतील तर ‘व्हिलोसस’. राठ असतील तर ‘हिर्सुटस’. अंगाला चिकटून रेशमासारखे चमकत असतील तर ‘सेरिसियस’. आणि घोंगडीसारखे दाट गुंतलेले असतील तर ‘टोमेंटोसस’. इंग्रजीपाशीही लवदार, लोकरी, रेशमी, झिपऱ्या अशा अर्थांचे घरगुती शब्द आहेतच. मात्र बोलणारा ते मर्जीप्रमाणे वापरतो. म्हणून शास्त्र लिहिताना इंग्रज पुन्हा लॅटिनकडेच उसनवारीला जातो.

पण ही नेमकेपणाची देणगी लॅटिनला जन्मजात होती काय? मुळीच नाही. रोमन माणसाला ‘टोमेंटुम’ म्हणजे उशीत भरायची लोकर, केस किंवा पिसे; ‘पोलेन’ म्हणजे बारीक पीठ. ‘पुर्पुरेउस’ या रंगवाचक शब्दाखाली तर प्राचीन कवींनी तांबडा, जांभळा आणि नुसती झळाळीसुद्धा खपवली! या शब्दांना शिस्त लावली ती लिनियसने, आपल्या १७५१ व १७५३ च्या ग्रंथांतून. लॅटिन कोणाच्या घरची बोली उरली नव्हती, म्हणून ती शिस्त टिकली. आमच्या मते, स्टर्न यांच्या ग्रंथाचे खरे मोल हा इतिहास उलगडण्यात आहे. त्यातील लांबच लांब याद्या मात्र सलग वाचणाऱ्याची सत्त्वपरीक्षा पाहतात.

व्याकरणाचा मुद्दा वेगळा. इंग्रजीत ‘व्हाइट फ्लॉवर स्टॉक’ म्हटल्यास पांढरे काय, फूल की देठ? लॅटिन विशेषणाची विभक्ती तो संशय ठेवीत नाही. मराठी वाचकाला हे समजावयास कष्ट नकोत. ‘पांढऱ्या फुलाचा देठ’ आणि ‘फुलाचा पांढरा देठ’ यांत आपण कधी गोंधळतो का?

नव्या वनस्पतीच्या नावाला मान्यता मिळण्यासाठी १९३५ पासून लॅटिन वर्णन सक्तीचे होते. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालू लागली. काहींना यात ऱ्हास दिसतो. आम्हांला दिसत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवरील आपला १९५३ चा ग्रंथ इंग्रजीतच लिहिला. मराठीत असे काम करू पाहणाऱ्याने आधी शेतकऱ्याकडे जावे. लव, कूस आणि कुसळ यांतला फरक त्याला लिनियसने शिकवलेला नाही.