चतुर्थीतील कर्ता

९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात बऊरनजीक पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्यास शेतकऱ्यांचा विरोध होता. ‘पोलिसांना स्वसंरक्षणार्थ गोळीबार करावा लागला’ ही अशा प्रसंगीची शासकीय संहितेतील रूढ रचना. तीत कर्ता चतुर्थीत जातो. कृती करणाराच ती सोसणारा भासतो. दूरचित्रवाणीवरील दृश्यांनी त्याला तृतीयेत आणले: पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शासकीय निवेदकावरील विश्वास येथे व्याकरणातच ढासळतो.

मग विसंबावे ते माध्यमावर? ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटात सत्ताव्यवहार निकटून पाहणाऱ्या दिगू टिपणीस या पत्रकाराचेच भान अखेरीस सुटते. कॅमेरा मात्र निर्विकार, असा (काहीसा भाबडा) समज असतो. वस्तुतः चित्रण कोठून करावे, कोठे कापावे, हे ठरविणारा निवेदक तेथेही असतो. मावळच्या दृश्यांच्या चर्चेत त्याची दखल घ्यावयास हवी.