यू-१८० पाणबुडीची नोंद आणि आबिद हसन यांच्या आठवणी : साधनांची छाननी

फेब्रुवारी १९४३ मध्यें नेताजी सुभाषचंद्र बोस ज्या जर्मन पाणबुडींतून कील बंदर सोडून पूर्वेकडे निघाले, तिचा क्रमांक यू-१८०. या प्रवासाचीं वर्णनें मराठींत पुष्कळ झालीं आहेत. परंतु तीं बहुतेक चरित्रकारांचीं असल्यामुळें नेताजी आंत शिरतांच पाणबुडीचा इतिहास सुरू होतो व ते उतरतांच तो संपतो. अशा लेखनास आम्ही बखर म्हणतों. बखरीचा अनादर करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण जुन्या कागदांची पारख करण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं, त्यांच्यापुढें तिला साधन म्हणून ठेवावयाचें तर अगोदर तिची छाननी झाली पाहिजे.

आम्हां उदगीरकरांस याचें अगत्य अधिक. ३ फेब्रुवारी १७६० ची लढाई उदगीरची म्हणून प्रसिद्ध आहे. पण निजामाच्या फौजेची शेवटची कोंडी औशाच्या बाजूस झाली. किल्ल्याचें नांव लढाईस चिकटलें तें कायमचें. नेताजींचें नांव यू-१८० ला असेंच चिकटलें आहे. दुसराहि एक धागा आहे. १९४३ सालीं उदगीर तालुका निजामाच्या राज्यांत, बीदर जिल्ह्यांत होता. आज तो लातूर जिल्ह्यांत आहे. नेताजींचे पाणबुडींतील एकमेव हिंदी सहप्रवासी आबिद हसन हे त्याच राज्याच्या राजधानीचे, हैद्राबादचे. आणि त्याच वर्षीं हिंदी महासागरांत शत्रूच्या पाणबुड्यांपासून व्यापारी जहाजांचें रक्षण करणाऱ्या दोस्त आरमारांत 'निझाम' या नांवाची एक ऑस्ट्रेलियन विनाशिका होती. तिचें नांव हैद्राबादच्या निजामावरूनच ठेविलेलें. चरित्रकारांस हें दिसलें नाहीं याचें नवल वाटतें.

आतां साधनांकडे वळूं. पहिलें साधन जर्मन आरमाराचें दप्तर. १९४५ मध्यें तें तांबाख येथील वाड्यांत ब्रिटिशांच्या हातीं लागलें, लंडनास गेलें आणि पुढें जर्मनीस परत मिळालें. पेशवे दप्तराची कथा जाणणाऱ्यांस हा फेरा अपरिचित वाटणार नाहीं. दुसरें साधन आबिद हसन यांच्या आठवणी. स्वातंत्र्यानंतर ते हिंदुस्थानच्या परराष्ट्रसेवेंत होते. त्यांच्या आठवणी प्रवासानंतर कित्येक वर्षांनीं प्रसिद्ध झाल्या. तिसरें साधन लहान, पण बहुमोल : ८ फेब्रुवारी १९४३ रोजीं बर्लिनहून नेताजींनीं ज्येष्ठ बंधु शरच्चंद्र यांस लिहिलेलें बंगाली पत्र. त्यांत आपला विवाह व कन्या यांची वार्ता आहे.

या पत्राची तारीख महत्त्वाची. कांहीं चरित्रांत प्रयाण ८ फेब्रुवारीस, तर पाणबुडीच्या नोंदींत ९ फेब्रुवारीस आहे. आमच्या मतें ८ ही तारीख बर्लिन सोडण्याची असून कील सोडण्याची ९ च धरावी. मादागास्करच्या आग्नेयेस जपानी पाणबुडी आय-२९ ची गांठ पडली, तिच्याहि २६, २७ व २८ एप्रिल अशा तीन तारखा आढळतात. या घोळाचें कारण सरळ आहे. दोन्ही पाणबुड्या एकमेकींस दिसल्या तरी समुद्र खवळलेला होता. वाट पाहावी लागली, व माणसें रबरी होडींतून पलीकडे गेलीं तीं २८ ला. म्हणजे जर्मन पाणबुडींतील वास्तव्य अठ्ठ्याहत्तर दिवसांचें ठरतें. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत सुमात्राजवळील साबांग बेटावर उतरेपर्यंतचा जपानी टप्पा त्यांत मिळविला, तरच 'नव्वद दिवस' या लोकप्रिय आंकड्याच्या जवळपास आपण पोंचतों.

हसन यांची एक आठवण सर्वत्र उद्धृत होते : हल्ल्याच्या वेळीं शत्रूचें जहाज पाणबुडीच्या अंगावर आलें, सर्वांची गाळण उडाली, आणि नेताजी मात्र मजकूर सांगत राहिले व हसन लिहून घेत नाहींत म्हणून त्यांस टोकले. बुडविलेल्या जहाजांच्या यादींत या जाण्याच्या टप्प्यावर एकच नांव आहे : १८ एप्रिल रोजीं दक्षिण आफ्रिकेजवळ बुडविलेलें कॉर्बिस हें ८,१३२ टनी ब्रिटिश तेलवाहू जहाज. परंतु फसलेला हल्ला अशा यादींत येत नसतो. तेव्हां यादी मूक आहे म्हणून आठवण खोटी ठरत नाहीं. नेताजींचें स्थैर्य आम्ही ग्राह्य धरतों. त्यांच्या तोंडचे शब्द मात्र अवतरणचिन्हांत घालण्यास आम्ही तयार नाहीं. 'द इंडियन स्ट्रगल' या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचें काम पाणबुडींत चालू होतें, डाळतांदूळ सांपडल्यावर हसन यांनीं खिचडी शिजविली, या गोष्टी दुसरें कोणतेंहि दप्तर सांगणार नाहीं. तेथें हसनच प्रमाण.

पाणबुडीचें स्वतःचें चरित्र मात्र कोणी सांगत नाहीं. ब्रेमेन येथें बांधलेली ही पाणबुडी १६ मे १९४२ रोजीं वेर्नर मूझेनबेर्ग याच्या हाताखालीं सेवेंत आली. तिच्या जातीच्या दोनच पाणबुड्या झाल्या, दुसरी यू-१९५. वेगासाठीं तींत वेगवान नौकांचीं सहा डिझेल एंजिनें बसविलीं होतीं. वेग मिळाला, पण तीं धूर फार ओकीत व वारंवार बिघडत. जिनें लपून राहावयाचें तिनेंच धूर सोडावा, हा दोष थोडाथोडका नव्हे. परततांना तिनें ३ जूनला बोरिस हें ग्रीक जहाज बुडविलें. दोन जहाजें, १३,२९८ टन : ही तिची सारी लढाऊ कमाई. जपान्यांकडून घेतलेलें सुमारें दोन टन सोनें व दोन आरमारी अधिकारी घेऊन ती जुलैच्या आरंभीं बोर्दोस पोंचली. म्हणजे अदलाबदल दोनास दोन अशी झाली होती. त्या अधिकाऱ्यांपैकीं तोमोनागा यानें मे १९४५ मध्यें, यू-२३४ शरण जात असतां, तिच्यांतच आत्महत्या केली.

सप्टेंबर १९४३ अखेर यू-१८० सेवेंतून काढण्यांत आली. एंजिनें बदलून तिची मालवाहू पाणबुडी केली, आणि २० ऑगस्ट १९४४ रोजीं रोल्फ रीझेन याच्या हाताखालीं ती बोर्दोहून पुन्हां पूर्वेकडे निघाली. तीन दिवसांनंतर तिचा पत्ता नाहीं. ५६ माणसें गेलीं. ती सुरुंगानें बुडाली असें पूर्वीं ठामपणें लिहीत. आतां नुसतें 'बेपत्ता' असें लिहितात, व तेंच योग्य. त्या फेरीचा रोजनामा तिच्याबरोबरच तळाशीं गेला.

आय-२९ ची हकीकत याहून अवघड आहे. २३ नोव्हेंबर १९४२ रोजीं, म्हणजे त्या भेटीच्या पांच महिने आधीं, याच पाणबुडीनें मुंबईहून आफ्रिकेस निघालेलें तिलावा हें उतारूंचें जहाज पाणतीर मारून बुडविलें. त्यावर पुष्कळ हिंदी कुटुंबें होतीं. २८० माणसें मेलीं. कप्तान त्या वेळीं जो इझु होता, तोच नेताजींस घेण्यास आला. नेताजींस हें ठाऊक असल्याचा कोणताहि कागद आमच्यासमोर नाहीं, म्हणून त्यांजकडे बोट दाखविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. चरित्रकारांची गोष्ट निराळी. त्यांस दोन्ही नोंदी उपलब्ध आहेत. आम्हीं चाळलेल्या मराठी चरित्रांत आय-२९ च्या खलाशांबरोबर नेताजींचें छायाचित्र आहे, त्याखालीं एप्रिल १९४३ ची तारीखहि आहे. तिलावाचें नांव नाहीं.