गोडव्याचे ओझे : युफोनियमच्या एकलवादनाची शंभर वर्षे

युफोनियम हे नावच मुळी एक प्रशस्तिपत्र आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सुस्वर’. १८४०च्या दशकात हे वाद्य जर्मनीत आकाराला आले. त्याच्या निर्मितीचे श्रेय बहुधा वायमारच्या फर्डिनांड सोमर याला दिले जाते, आणि त्यावर वादही आहे. वाद नाही तो आवाजाबद्दल. या वाद्याला बेसूर किंवा कर्कश म्हणणारा टीकाकार माझ्या तरी वाचनात आलेला नाही. तरीही ब्राम्स, द्वोर्जाक, चायकोव्हस्की या त्याच्या हयातीत लिहीत असलेल्या मंडळींपैकी एकानेही त्याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला नाही. रिचर्ड श्ट्राउसने ‘डॉन किहोटे’मध्ये आणि होल्स्टने ‘द प्लॅनेट्स’मध्ये टेनर ट्यूबा या नावाने काही ओळी लिहिल्या, त्या आज बहुतेक ठिकाणी युफोनियमवरच वाजतात. सिम्फनीच्या वाद्यवृंदात त्याला कायमची खुर्ची मात्र मिळाली नाही.

म्हणून या वाद्याच्या एकल संगीताबद्दल एक मत रूढ झाले आहे : थोरांनी लिहिले नाही, त्यामुळे साहित्य दुबळे राहिले. हे मत मला अर्धेच पटते. थोरांच्या अनुपस्थितीपेक्षा एका वेगळ्या गोष्टीने या संगीताचे अधिक नुकसान केले, असे मला वाटते. ती गोष्ट म्हणजे सतत स्वतःची लायकी सिद्ध करण्याची घाई.

आधी वाद्याविषयी थोडे. युफोनियमची नळी सुमारे नऊ फूट लांब, म्हणजे ट्रोम्बोनइतकीच. पण ट्रोम्बोनची नळी बरीच अंतर सारख्या जाडीची राहते, तर युफोनियमची हळूहळू रुंदावत जाते. तेवढ्या फरकाने स्वराचा पोत बदलतो. ट्रोम्बोनचा स्वर धारदार, तर याचा गोलाई असलेला, पुरुषाच्या भरदार गळ्याच्या जवळ जाणारा. मोठी अडचण खालच्या स्वरांत होती. दोन-तीन व्हॉल्व्ह एकदम दाबले की नळीची वाढलेली लांबी गणिताला कमी पडते आणि स्वर चढा लागतो. १८७४ साली डेव्हिड जेम्स ब्लेकली याने लंडनच्या बूझी कंपनीत यावर तोड काढली. अशा वेळी हवा आपोआप थोड्या जादा नळीतून फिरून येईल अशी ती रचना. हे वाद्य एकट्याने उभे राहण्याइतके भरवशाचे झाले, त्यात या सुधारणेचा वाटा मोठा आहे.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७२ मध्ये, आमिल्कारे पोंकिएल्ली याने ‘फ्लिकोर्नो बास्सो’साठी कॉन्चेर्टो लिहिला. हे युफोनियमचे इटालियन भावंड. या वाद्याचा पहिला खरा कॉन्चेर्टो म्हणून आज त्याच रचनेकडे बोट दाखवले जाते. पोंकिएल्लीला जग ‘ला जोकोंदा’ या ऑपेरासाठी ओळखते. पण तो १८७६चा. त्याआधी बरीच वर्षे हा माणूस पोटासाठी गावोगावच्या बँडचा प्रमुख होता आणि १८७२ साली तो क्रेमोनात होता. रचनेत हे सगळे ऐकू येते. भारदस्त सुरुवात, मग ऑपेरातल्या नायकाच्या तोंडी शोभेल असे गाणे, त्यानंतर एक सोपी चाल आणि तिच्यावर चढत्या भाजणीने रचलेली व्हेरिएशन्स. गाण्याचा भाग अस्सल आहे. तिथे वादकाला श्वास पुरवून पुरवून स्वर धरावा लागतो आणि नुसत्या बोटांच्या चपळाईवर निभत नाही. व्हेरिएशन्स सुरू झाली की मात्र संगीत स्वतःविषयी बोलणे सोडून वादकाविषयी बोलू लागते. आपल्याकडे ज्याला तानबाजी म्हणतात, ती हीच.

पुढची पन्नास-साठ वर्षे एकल वादकांनी उचलले ते दुर्दैवाने हेच दुसरे अंग. सिसिलीत जन्मलेला सिमोने मँतिया (१८७३–१९५१) अमेरिकेत गेला, सूझाच्या आणि नंतर आर्थर प्रायरच्या बँडचा तारा झाला. एका लोकप्रिय आयरिश गीतावरची त्याची व्हेरिएशन्स आजही वादकांच्या परीक्षेसारखी वाजवली जातात. शेवटच्या आवर्तनात मूळ चालीचे स्वर द्रुत सुरावटींमधून असे डोकावतात की दोन माणसे वाजवत आहेत असा भास व्हावा. कसरत थक्क करणारी आहे, यात शंका नाही. पण थक्क होणे आणि हलणे यांत अंतर आहे. उद्यानात खुर्च्या टाकून बसलेल्या गर्दीला पाच मिनिटांत जिंकायचे असेल, तर दुसरा मार्ग कुठला होता, हा प्रश्नही मँतियाच्या बाजूने विचारला पाहिजे.

पेटीने आपल्याकडे काहीसे हेच भोगले. साथीचे वाद्य एकटे बसले की ऐकणाऱ्याला आधी चकित करावे लागते. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला, तो तिला गायला लावून.

इंग्लंडमध्ये गोष्ट निराळी होती. तिथे युफोनियम वाढले ते गिरण्या आणि कोळशाच्या खाणींच्या आश्रयाने. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात १८५३ पासून बँडच्या स्पर्धा भरू लागल्या. यॉर्कशायरच्या कापडगिरणीचा ब्लॅक डाइक, ग्रिमथॉर्पच्या खाणीचा बँड अशी नावे पुढे जगभर गेली. पंचवीसेक वादकांच्या अशा बँडमध्ये व्हायोलिन नाही, चेलो नाही. म्हणून चेलोचे सगळे काम दोन युफोनियमांवर येते. दिवसभर मागावर उभा राहणारा माणूस संध्याकाळी तालमीत वर्दीच्या ऑपेरातला बॅरिटोन होत असे. संगीताचे इतिहास लिहिणाऱ्यांनी या दालनाकडे फारसे पाहिले नाही. हौशी, कामगारांचे, स्पर्धेपुरते अशी त्याची वासलात लावली. शाहिरी आणि तमाशाला वाङ्मयाच्या इतिहासात किती पाने मिळत, हे आठवणाऱ्या मराठी वाचकाला ही वृत्ती अनोळखी वाटू नये.

पोंकिएल्लीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ साली, याच दालनातून उत्तर आले. जोसेफ होरोविट्झ हा १९२६ साली व्हिएन्नात जन्मलेला ज्यू मुलगा. नात्सी आल्यावर, १९३८ मध्ये, तो कुटुंबासह इंग्लंडला पळाला. त्याने लिहिलेला युफोनियम कॉन्चेर्टो लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिल्यांदा वाजला. वादक होता ट्रेव्हर ग्रूम आणि साथीला होता पादत्राणांच्या कंपनीच्या नावाने ओळखला जाणारा जी. यू. एस. (फुटवेअर) बँड. कॉन्चेर्टोच्या मधल्या ‘लेन्तो’ या भागासाठी हे सगळे विवेचन मी करतो आहे, असे म्हटले तरी चालेल. त्यात एक लांबलचक चाल आहे. ती उलगडते, जरा थांबते, पुन्हा निघते. कुठेही गर्दी नाही. वादकाला लपायला एकही द्रुत सुरावट दिलेली नाही. दम, ओठ आणि समज यांवरच त्याने उभे राहायचे. पोंकिएल्लीच्या गाण्यात जे पंधरा-वीस ओळींपुरते होते, त्याच्यावर होरोविट्झ संपूर्ण भाग तोलून धरतो. शेवटचा भाग खेळकर आणि खट्याळ आहे, अवघडही आहे. पण तिथली चपळाई विनोदाच्या अंगाने येते, म्हणून ती खटकत नाही.

या रचनेवर एक आक्षेप घेतला जाऊ शकतो, आणि तो खोटा नाही. १९७२ साली ही भाषा जुनी होती. युरोपातले संगीत तोवर कुठच्या कुठे गेले होते. वेगळ्या वाटेचे प्रयत्नही झाले. सॅम्युएल ॲडलरने १९७४ मध्ये युफोनियम आणि मरिंबा यांच्यासाठी चार संवाद लिहिले. लाकडाचा टणत्कार आणि पितळेची गोलाई समोरासमोर ठेवून त्याने वाद्याचा तोच तो गोडवा मुद्दाम मोडून पाहिला. फिलिप विल्बीच्या १९९६च्या कॉन्चेर्टोत ‘झेबेकिकोस’ या ग्रीक नृत्यावर बेतलेला भाग आहे. त्याच्या आडदांड लयीत हे सुसंस्कृत वाद्य पहिल्यांदा थोडे दांडगाई करताना ऐकू येते. मला ॲडलरबद्दल आदर आहे, विल्बी आवडतो. पण आजच्या कितीतरी नव्या रचना पुन्हा मँतियाच्या वळणावर गेल्या आहेत. अधिक वरचे स्वर, अधिक वेग, आणि मध्ये एक हुकमी भावुक पान. स्पर्धांसाठी लिहायचे म्हटले की परीक्षकांच्या तक्त्यातले रकाने आधी भरावे लागतात.

आपल्या लग्नाच्या बँडमध्येही युफोनियम असते. त्यांतली बरीच वाद्ये मेरठच्या जळी कोठी भागात बनलेली असतात. चालीचा मान ट्रम्पेटला किंवा क्लॅरिनेटला, आणि हे खाली राहून भरणा करते. पोलीस आणि लष्कराच्या बँडमध्येही त्याची जागा ठरलेली आहे. त्याच्यासाठी स्वतंत्र रचना लिहावी असे आपल्या संगीतकारांना सहसा सुचलेले नाही. मंद्र आणि मध्य सप्तकात इतक्या सहज मींड घेण्याच्या जवळ जाणारे हे वाद्य एखाद्या विलंबित ख्यालाला कसे दिसेल, याची मला फार उत्सुकता आहे. व्हॉल्व्ह अर्धवट दाबून आणि ओठांच्या ताणाने श्रुतींच्या मधल्या जागा काही अंशी घेता येतात. सगळ्या येणार नाहीत.

ज्याने हे वाद्य एकटे कधीच ऐकले नाही, त्याने होरोविट्झच्या ‘लेन्तो’पासून सुरुवात करावी आणि पोंकिएल्ली नंतर ऐकावा. उलट क्रमाने ऐकले तर टाळ्या वाजवाव्याशा वाटतात आणि ऐकायचे राहून जाते.